पापणीचा केस

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या महिला सभेत केलेले भाषण)



आपल्या ट्रस्टला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना या सभेत मी चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. विषय त्यांनी 'आरोग्य' एवढाच दिला. मी शाळेत विज्ञान शिकवणारी बाई. आरोग्य या एका शब्दात नखांच्या मळापासून हृदयविकारापर्यंत काय काय मावते हे मला पुरते ठाऊक आहे. आणि माझ्यापाठोपाठ गाण्यांचा कार्यक्रम आहे हेही ठाऊक आहे. म्हणून त्या साऱ्या पसाऱ्यातून मी एक केस तेवढा उचलला आहे, पापणीचा.

आपणांपैकी बहुतेकांची घरे ताप्ती लाईनने सुरतेस आली. कोणी नंदुरबारचे, कोणी दोंडाईच्याचे, कोणी अमळनेरचे. माझे वडीलही त्याच गाडीने येऊन उधन्यास उतरले. घरात आमची बोली उर्दूमिश्रित, गल्लीत अहिराणी, बाजारात गुजराती आणि शाळा मराठी. त्यामुळे लहानपणी मला एक कोडे पडत असे. गुजरातीत डोळ्यावरच्या पडद्याला पोपचुं म्हणतात आणि त्याच्या केसांना पांपण. मराठीत दोहोंनाही आपण पापणीच म्हणतो. आज सोयीसाठी मी पडद्याला पापणी म्हणेन आणि केसांना पापणीचे केस.

या केसांशी माझी ओळख फार लवकर झाली. माझ्या दादीला खुपऱ्या झालेल्या होत्या. हा शब्द आता म्हाताऱ्या माणसांखेरीज कोणाच्या तोंडी राहिलेला नाही, हे आपले भाग्य. खुपऱ्या म्हणजे एका सूक्ष्म जंतूमुळे येणारा डोळ्यांचा रोग. लहानपणी तो पुनःपुन्हा होतो, वरच्या पापणीच्या आतल्या बाजूस व्रण पडत जातात, आणि पुढे वीस-तीस वर्षांनी ती पापणी आत वळते. पापणी आत वळली की तिचे केसही आत वळतात. मग डोळ्याची उघडझाप होईल तेव्हा तेव्हा ते केस डोळ्याच्या काचेसारख्या पारदर्शक पडद्यावर, ज्याला आपल्या पुस्तकात पारपटल म्हणतात, त्यावर घासतात. दिवसातून हजारो वेळा.

दादी सकाळी उन्हात ओट्यावर बसे आणि मला हाक मारी. मी आठ वर्षांची. घरात माझी नजर सर्वांत चांगली. चिमटा माझ्या हाती. आत वळलेला एक-एक केस मी ओढून काढी, आणि ती म्हणे, "बेटा, एक और है, चुभता है." काही आठवड्यांनी केस पुन्हा उगवत. अर्धवट वाढलेला केस तर अधिकच टोचतो. शेवटी तिचा उजवा डोळा दुधासारखा पांढरा झाला. एवढ्याशा केसाने माणसाची दृष्टी जाते, हे मी पुस्तकात वाचण्याच्या पुष्कळ आधी पाहिलेले आहे.

हा रोग पसरे तो हातांनी, रुमालांनी आणि माश्यांनी. आणि जेथे घरभर डोळ्यांना एकच सळई फिरे तेथे त्या सळईनेही. आमच्या घरी ईदच्या सकाळी पितळेची सुरमादाणी निघे आणि दहा मुलांच्या वीस डोळ्यांतून तीच सळई फिरे. शेजारी पाटलांच्या घरी सुरमा नव्हता, तेथे तुपाच्या दिव्यावर धरलेले काजळ होते. पण तेथेही बोट एकच, आजीचे. यात कोणी कोणास हसण्याचे कारण नाही.

सरकारने 1963 साली खुपऱ्यांविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. 2014 ते 2017 या काळात झालेल्या पाहणीत चालू रोगाचे प्रमाण शेकडा 0.7 इतके खाली आलेले आढळले, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून खुपऱ्यांचा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न संपल्याचे मान्य केले. स्वच्छ पाणी, धुतलेले तोंड आणि औषध यांनी हे साधले. वर्तमानपत्रात ती बातमी आतल्या पानावर होती. मी ती कापून ठेवली आहे.

आता आपण म्हणाल, बाई, हे सगळे झाले दादीचे. आमच्या मुलींचे काय? त्यांच्याकडेच येते.

माझ्या दोन विद्यार्थिनी. आठवीत एकाच बाकावर बसत. त्यांची नावे सांगत नाही. गोष्ट सांगण्याची परवानगी मात्र दोघींकडून घेतली आहे. एकीचे लग्न लवकर झाले, नवऱ्याची लूमवरची नोकरी गेली, तेव्हा तिने घरच्या पुढच्या खोलीत पार्लर काढले. आधी ती साड्यांवर खडे चिकटवण्याचे काम घरी आणी. आपल्याकडे शेकडो घरांत ते काम चालते. पाठ मोडते आणि पैसे थोडे. पुढे ती पापण्यांना कृत्रिम केस लावण्यास शिकली. मोबाइलवर पाहून शिकली. एकदा वाटेत भेटली तेव्हा तिने हे मला मोठ्या आनंदाने सांगितले. एका नवरीचे पैसे म्हणजे खड्यांच्या कितीतरी साड्यांची मजुरी. मी म्हणाले, "शाब्बास, हात हलका आहे तुझा, कर." तिने कोणता गोंद वापरला, कोठे आणला, डोळ्यात गेला तर काय करशील, यातले एकही अक्षर मी विचारले नाही. मी, जी वर्षानुवर्षे फळ्यावर डोळ्याची आकृती काढत आले आहे.

दुसरीचे लग्न ठरले. हळदीच्या आदल्या दिवशी तिने बालमैत्रिणीकडूनच केस लावून घेतले. काम चालू असताना एकदा डोळा किंचित उघडला आणि झणझणले. मैत्रीण म्हणाली, होते असे, थांबेल. रात्री दहापर्यंत डोळा लालभडक, पाणी थांबेना, दिवा सहन होईना. घरातल्यांनी प्रथम गुलाबपाणी घातले. मग 2023 च्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली होती तेव्हाची एक बाटली कपाटात सापडली, ती घातली. त्या बाटलीत स्टेरॉइड होते. आणि पहाटे मला फोन आला, कारण लग्नघरात मुलीच्या आईला डॉक्टरांआधी बाई आठवल्या.

मी तिला नेत्रतज्ज्ञाकडे घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात पिवळ्या-केशरी रंगाचा एक थेंब सोडला आणि निळा प्रकाश टाकला. पारपटलावर जेथे खरचटले होते तेथे हिरवट रेघ चमकू लागली. ती रेघ त्यांनी मला वाकून पाहू दिली. खरे सांगते, मला त्या क्षणी दादीचा ओटा आठवला.

दैव बरे. पारपटलाचा वरचा थर लवकर भरून येतो. जखम वरवरची असली तर दोन-तीन दिवसांत. मुलगी काळा चष्मा लावून बोहल्यावर चढली. फोटो पाहून लोक हसले, पण दृष्टी शाबूत आहे. जुनी बाटली आणखी चार दिवस चालू राहिली असती तर काय झाले असते हे मात्र डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितले. स्टेरॉइडने लाली ओसरते, घरच्यांना वाटते बरे झाले, आणि आत जंतूंची वा बुरशीची वाढ निर्वेध चालू राहते. आपल्या घरी अशा अर्ध्या बाटल्या असतील तर आज रात्रीच फेकाव्यात. उघडलेली बाटली साधारण महिन्याभराने वापरू नये, आणि एकासाठी दिलेली दुसऱ्याच्या डोळ्यात तर कधीच घालू नये.

आता हे केस लावतात कसे, ते थोडे पाहू. पुष्कळ आया मला विचारतात की हे नाटकवाल्यांच्या पापण्यांसारखेच ना? नव्हे. नाटकातली ती पट्टी. संध्याकाळी लावली, रात्री काढली. ती कल्पना जुनी आहे. 1911 साली एका कॅनडियन बाईने अमेरिकेत तिचे पेटंट घेतले होते. हल्लीचे काम वेगळे. नैसर्गिक केसांतला एक-एक केस चिमट्याने वेगळा करून त्यावर एक-एक कृत्रिम केस चिकटवतात. दीड-दोन तास मुलगी डोळे मिटून पडून राहते. महिनाभर ते टिकतात. नैसर्गिक केस गळेल तसा त्याच्यावरचाही गळतो, आणि मग पुन्हा भरून घ्यावे लागते. वेष्टनावर 'सिल्क' किंवा 'मिंक' असे नाव छापलेले असते. आत बहुधा पॉलिस्टरच्या जातीचा धागा असतो. नाव रेशमाचे आणि सूत पॉलिस्टरचे, ही गोष्ट सुरतेच्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही.

खरी गोम धाग्यात नाही, गोंदात आहे. हा गोंद सायनोअॅक्रिलेट जातीचा. आपण चपलेचा तुटलेला पट्टा क्षणात चिकटवणारी जी लहान नळी आणतो, तिच्याच कुळातला. अमेरिकेत कोडॅक कंपनीचे शास्त्रज्ञ हॅरी कूव्हर 1942 साली बंदुकीच्या नेमदर्शकासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होते, तेव्हा हा पदार्थ हाती लागला. जेथे लागेल तेथे चिकटे, म्हणून त्यांनी तो टाकून दिला. 1951 मध्ये तो पुन्हा समोर आला, आणि 1958 मध्ये बाजारात आला. गंमत अशी की हा गोंद वाळत नाही, तर ओलाव्याने घट्ट होतो. हवेतली वाफ लागली की त्याचे रेणू एकमेकांचे हात धरून साखळी करतात. म्हणून आपल्याकडे श्रावणात तो लवकर धरतो आणि थंडीत सावकाश. आणि डोळा हा तर शरीराचा सदैव ओला राहणारा भाग. तेथे थेंब गेला की तो तत्क्षणी खड्यासारखा कडक होतो आणि पारपटलास खरचटतो.

हा पदार्थ सर्वथा दुष्ट आहे असे मात्र समजू नये. पारपटलास बारीक भोक पडले तर ते बुजवण्यासाठी नेत्रशल्यविशारद याच कुळातला गोंद वापरतात. फरक हाताचा आहे, मापाचा आहे आणि शिक्षणाचा आहे.

गोंदाच्या वाफेनेही डोळे चुरचुरतात. शिवाय त्यातून फॉर्मॅल्डिहाइड थोड्या प्रमाणात सुटते. ज्या मुली विज्ञान शिकल्या त्यांना प्रयोगशाळेतल्या बरणीतला बेडूक आठवत असेल. तो ज्यात बुडवलेला असतो ते फॉर्मॅलिन म्हणजे पाण्यात विरघळलेले तेच रसायन. जपानमध्ये काही नेत्रवैद्यांनी असे केस लावून दुखणे घेऊन आलेल्या 107 स्त्रियांची नोंद 2012 साली प्रसिद्ध केली. त्यांतील निम्म्याहून अधिक जणींच्या पारपटलास व डोळ्याच्या अस्तरास दाह झाला होता. उरलेल्यांत बहुतेकींना पापणीची अॅलर्जी होती. जपानच्या आरोग्य मंत्रालयाने तर त्याआधीच, 2008 मध्ये, बजावले होते की हे काम परवानाधारक सौंदर्यकर्मीखेरीज कोणी करू नये.

अॅलर्जीचा एक चकवा असा की ती पहिल्या खेपेस बहुधा होत नाही. दोनदा, तीनदा, कधी दहादा काही होत नाही, आणि मग एके दिवशी एक-दोन दिवसांत पापण्या पुरीसारख्या फुगतात. "मी तर नेहमी लावते" हे म्हणणे म्हणूनच व्यर्थ आहे. एकदा अशी अॅलर्जी जडली की ती सहसा जात नाही. झटपट रंगणाऱ्या काळ्या मेंदीचे तसेच आहे. तिच्यात केस काळे करण्याचे जे रसायन मिसळतात, त्याच जातीच्या रसायनाचा पापण्या रंगवण्याचा एक रंग 1933 च्या सुमारास अमेरिकेत विकला जात होता. त्याने काही बायकांचे डोळे गेले आणि एकीचा जीवही गेला. तेव्हा तेथे सौंदर्यप्रसाधनांवर मध्यवर्ती सरकारचा कायदाच नव्हता. तो 1938 मध्ये झाला. सुरम्याचीही गोष्ट याच ओळीत बसते. आमच्यात त्याला मान आहे, आणि माझ्या घरी सुरमादाणी अजून आहे. पण अनेक देशांत तपासलेल्या सुरम्यांत शिसे भरपूर निघाले आहे, आणि मूल डोळे चोळून तेच बोट तोंडात घालते. म्हणून मी ती सुरमादाणी कपाटात शोभेला ठेवली आहे. अम्मी यावर अजून नाराज आहे.

हे केस निसर्गाने दिले कशासाठी? वरच्या पापणीला साधारण 90 ते 150, खालच्या पापणीला सत्तर-ऐंशी. त्यांना काही शिवले की डोळा आपोआप मिटतो, हे आपण जाणतो. दुसरे काम मला स्वतःलाही अलीकडे कळले. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेतील संशोधकांनी 2015 मध्ये 22 जातींच्या सस्तन प्राण्यांच्या पापण्यांचे केस मोजले. तेव्हा लांबी डोळ्याच्या रुंदीच्या सुमारे एक तृतीयांश आढळली. मग त्यांनी कृत्रिम डोळ्यावर वारा सोडून पाहिले. त्या लांबीला वारा डोळ्यावरून वळतो, डोळ्याचा ओलावा निम्म्यापर्यंत कमी उडतो आणि धूळही कमी बसते. केस त्याहून लांब केले की तेच केस वाऱ्याला नळीसारखे डोळ्याकडे वळवतात. उधना-मगदल्ला रस्त्याने दुपारी स्कूटर चालवणाऱ्या मुलींनी याचा विचार स्वतःच करावा.

आणखी एक गोष्ट अशी की लावलेले केस सुटतील या धाकाने मुली डोळे धूतच नाहीत. पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. त्यांचे तेल अश्रूंवर पसरून ते उडू देत नाही. कडेला मळ, चिपडे आणि जुना गोंद साचला की तोंडे बुजतात, कड सुजते, रांजणवाडी होते. नववीतल्या एका मुलीने मला हळूच विचारले होते, "बाई, हे लावले तर वजू होतो का?" मी म्हणाले, तो निर्णय मौलानासाहेबांचा, त्यात मी पडणार नाही. परंतु दिवसातून पाच वेळा जिचे तोंड धुतले जाते, तिने ते धुणे पापण्यांसाठी सोडावे, एवढा उलटा व्यवहार मला तरी दिसत नाही.

मी बंदी घाला म्हणत नाही. नटण्याची हौस पाप नव्हे, आणि ज्या पुढच्या खोलीत दोन पोरांची फी निघते ती खोली बंद करा असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? लग्नानंतर नेमके तेच झाले. गल्लीत बोलबाला झाला, गिऱ्हाइके तुटली, आणि माझी ती पहिली विद्यार्थिनी पुन्हा साड्यांच्या गठ्ठ्यांपाशी बसली. एका रविवारी ती माझ्याकडे आली. गोंदाची बाटली बरोबर आणली होती. आम्ही भिंगाने लेबल वाचले. बनवणाऱ्याचे नाव नाही, तारीख नाही, घटक नाहीत. एका डोळ्याचे चित्र आणि दोन इंग्रजी विशेषणे. ऑनलाइन मागवली होती. मग आम्ही दोघींनी बसून तिच्यासाठी नियम लिहिले, आठवीच्या वहीत लिहितात तसे. नाव, घटक आणि तारीख नसलेला गोंद आणायचा नाही. नव्या गिऱ्हाइकाला दोन दिवस आधी बोलावून कानामागे थेंबभर लावून पाहायचा. डोळे आलेले असतील, रांजणवाडी असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा व्हायची असेल, तर पैसे परत. कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढून ठेवायला सांगायची. चिमटा प्रत्येकीनंतर साबणाने धुऊन जंतुनाशकात ठेवायचा; सुरमादाणीची सळई मी तिला त्याच वेळी सांगितली. पंखा आणि खिडकी उघडी. आणि डोळा उघडला, झणझणले, तर 'थांबेल' म्हणायचे नाही. काम तेथेच सोडून स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे धुवायचे आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. पापण्या चिकटल्या तर ओढायचे नाही, नखे पुसण्याचे द्रावण तर मुळीच लावायचे नाही. कोमट पाण्याची ओली घडी ठेवून डॉक्टर गाठायचे.

ज्यांच्या घरी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली आहे त्यांच्यासाठी एक सूचना. आपल्या शिबिरात एक सासूबाई नातीच्या लग्नात लावलेले केस तसेच घेऊन आल्या होत्या. शस्त्रक्रियेआधी ते उतरवावे लागतात, आणि पार्लरमध्येच, हाताने उपटून नव्हे. उपटला तर आपला केसही मुळासकट येतो. मूळ शाबूत असेल तर दीड-दोन महिन्यांत नवा येतो. वारंवार ओढून मूळच खराब झाले तर येत नाही.

शेवटी माझी मागणी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये सौंदर्यकर्माचा वर्षभराचा सरकारमान्य अभ्यासक्रम असतो. आपला ट्रस्ट डॉक्टर-इंजिनिअर होणाऱ्या मुलांना शिष्यवृत्ती देतो, ते योग्यच आहे. या वर्षी त्यात एक नाव वेगळ्या शिक्षणाचे असावे. फी फार नाही, परंतु वर्षभर पुढच्या खोलीची मिळकत थांबणार, म्हणून थोडा घरखर्चही लागेल. अर्ज मी सकाळीच चिटणीसांच्या टेबलावर ठेवला आहे. अर्जदार तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिची नवरी झालेली मैत्रीणही आली आहे, ती पाचव्या रांगेत. दोघी अजून एकमेकींशी बोलत नाहीत. पण अर्जावर ओळखीच्या व्यक्तीची म्हणून जी दुसरी सही लागते, ती पाचव्या रांगेतलीने केली आहे.